चेहरा आढळला नाही

मोबाईलच्या पडद्यावर लाल अक्षरांत ‘चेहरा आढळला नाही’ असं उमटलं आणि त्याच्याखाली, मोठी मेहेरबानी केल्याच्या थाटात, ‘आपली परीक्षा समाप्त झाली आहे. धन्यवाद.’ हर्षाला आधी संताप आला तो त्या धन्यवादचा. दहा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. पन्नासपैकी तेहतिसावा प्रश्न समोर होता, त्याचं उत्तर तिला येत होतं, पर्यायावर बोट टेकवायचं तेवढं बाकी होतं. आणि चेहरा आढळला नाही म्हणजे काय? चेहरा इथेच तर होता, सकाळपासून दोनदा साबणाने धुतलेला, वर पावडरचा हात फिरवलेला. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला पडदा नीट दिसत नाहीये, मध्ये काहीतरी फिकट हिरवं आलंय. ते आपल्याच साडीचं होतं. आपला उजवा हात डोक्यावर होता, पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढलेला होता आणि मान डावीकडे भिंतीकडे वळलेली होती. हे सगळं कधी झालं, तिला ठाऊक नव्हतं. पाठीमागे लोखंडी कपाटाचं दार करकरलं, कुणीतरी खण उघडला, लावला, आणि पाय न वाजवता बाहेर गेलं. उंबऱ्यापाशी एकदा खोकलं. येतानाही एकदा खोकलं होतं, हे तिला आत्ता आठवलं.

खोकणारे भय्याजी. हर्षाच्या नवऱ्याचे, अमरचे, थोरले भाऊ, म्हणजे तिचे भासरे. शहापूरच्या या घरात धाकट्या सुनेने भासऱ्याला तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, हाताला हात लागेल अशी कुठली वस्तू द्यायची नाही. आणि भासऱ्याने, त्याच्या बाजूने, खोलीत पाय टाकण्याआधी खोकायचं, म्हणजे सुनेला पदर सावरायला सवड मिळते. चार वर्षं हे चाललं होतं. हर्षाच्या मते हा निव्वळ पोरखेळ होता, आणि आपण तो वरवर खेळतो, घरात शांतता राहावी म्हणून, अशी तिची स्वतःबद्दल पक्की खात्री होती. जावेचा पदर खरा, आपला पदर नाटकातला. ‘तुझ्या घरची बेवकूफी मी सांभाळून घेते, तुझ्यासाठी,’ असं ती अमरला ऐकवायची आणि त्यालाही ते बरं वाटायचं. तिचा विषय समाजशास्त्र होता. दुसऱ्या वर्षाच्या स्वाध्यायात परिहार संबंधांवर टीप लिहायला होती, म्हणजे कोणत्या नात्यात कुणी कुणाला टाळायचं ते. तिने ऐटीत लिहिलं होतं की अशा प्रथा अल्पशिक्षित कुटुंबांत आढळत असून शिक्षणाच्या प्रसारामुळे त्या लोप पावत आहेत. वीसपैकी सोळा गुण मिळाले होते. ते वाक्य लिहिताना भय्याजी पाणी प्यायला आले होते, खोकले होते, आणि तिने वहीवरून मान न उचलता डाव्या हाताने पदर घेऊन उजव्या हाताने ‘लोप पावत आहेत’ पुरं केलं होतं. तेव्हा तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

आज तर तिने पदर खांद्यावर पिनने पक्का केला होता. शिक्षिका करतात तसा, चापूनचोपून. पिन आता उघडी पडून खाली लोंबत होती आणि ती होती तिथे साडीला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. किती जोरात ओढला असेल. तिने त्या भोकात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. समोर स्टुलावर धान मोजायची पायली पालथी घातलेली होती आणि तिला रबर लावून मोबाईल उभा केलेला होता. मोबाईलमध्ये आता एका मुलीचं चित्र आलं होतं, गुडघ्यावर लॅपटॉप, मागे खिडकीत कुंडी, आणि खाली ‘घरबसल्या शिका, पुढे जा’. या मुलीचा हर्षाला पहिल्या वर्षापासून तिटकारा होता. हिच्या घरी सासू नाही, कूलर नाही, भाजीवाला नाही, हिला घाम येत नाही. मे महिन्यात भंडाऱ्याकडे कूलर बंद करून खोलीत बसायचं म्हणजे काय, हे घरबसल्या लिहिणाऱ्याने एकदा येऊन बसून पाहावं. कूलरच्या आवाजाला यंत्र ‘अन्य आवाज’ समजतं, म्हणून तो सकाळीच बंद केला होता. दारं लोटली, खिडकीला चादर लावली. नियमांत लिहिलं होतं, शांत, प्रकाशमान आणि स्वतंत्र खोली असावी. स्वतंत्र खोली. सहा माणसांच्या घरात नेटवर्क मिळतं ती खोली एकच, बैठकीची, आणि तिच्यात भय्याजींचं कपाट. पण तीन सूचनांनंतर परीक्षा बंद होते हे सगळ्यांना रात्री जेवतानाच सांगून ठेवलं होतं, सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. बाराव्या मिनिटाला सासूबाई, गोदावरीबाई, ओसरीवर भाजीवाल्याशी वांग्यावरून घासाघीस करायला लागल्या आणि पहिली सूचना आली, ‘अन्य आवाज आढळला’. पंचविसाव्या मिनिटाला जाऊबाई धुरपता दार किलकिलं करून चहाचा कप फरशीवर ठेवून गेल्या, पोरगी घामाघूम झाली म्हणून, आणि हर्षाने कपाकडे बघितलं मात्र, ‘नजर पडद्याबाहेर’. चहा. त्या उकाड्यात चहा. या घरातल्या माणसांचं प्रेमसुद्धा वेळ बघून येत नाही, असं तिला तेव्हा वाटलं होतं. तिसरी सूचना कुणामुळे येईल याचा तिने मनाशी अंदाजही बांधला होता. त्या अंदाजात ती स्वतः नव्हती.

हा शेवटचा पेपर होता. नोंदणीची मुदत पाच वर्षं, ती या जूनअखेर संपत होती. हा एक विषय राहिला तर आधीचे सतरा विषय गेले, नव्याने नाव घाला, नव्याने पहिलं वर्ष. आणि नव्याने नाव घालायला या घरात कुणी हो म्हणणार नाही, हे तिला लिहून द्यायला नको होतं. पदवी मिळाली की ती तलाठ्याची परीक्षा देणार होती. तलाठीच का, याचं खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. टेबलामागे आपण बसलोय, पंखा फिरतोय, आणि दारात भय्याजी उभे आहेत सातबारा मागायला, हे चित्र ती चार वर्षं मनात घोळवत होती. तिथे खोकून चालणार नाही. तिथे तोंड उघडून बोलावं लागेल, ‘मॅडम’ म्हणावं लागेल. या एका चित्राच्या जोरावर तिने दोन वर्षांचे विषय काढले होते, भांडी घासताना व्याख्यानं ऐकून, पदराखाली कानात वायर घालून.

पहिलं वर्ष आंबागडला, माहेरी गेलं होतं. टाळेबंदीचं वर्ष. तुमसरचं कॉलेज बंद, म्हणून ही घरबसली नोंदणी. गावात फोन लागायचा तो दोन ठिकाणी, एक टाकीजवळ, दुसरं किल्ल्याच्या चढणीवर. टाकीजवळ पोरं बसायची. म्हणून ती सकाळी चढणीवर जायची, आणि मुलगी मोबाईल घेऊन डोंगरावर जाते अशी कुजबुज सुरू झाल्यावर बाप, कवडू, तिच्याबरोबर जायला लागला. दहा पावलं खाली दगडावर तिच्याकडे पाठ करून बसायचा, सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत, हातात काठी. तास संपेपर्यंत मागे वळून बघायचा नाही. तिला त्या पाठीची लाज वाटायची. हा अडाणी माणूस मला राखायला बसलाय, मी काय शेळी आहे? एकदा पडद्यावरच्या सरांनी सगळ्यांना चेहरा दाखवायला सांगितलं आणि तिच्या चौकटीत मागे बापाची पाठ दिसली, फाटक्या बनियनची. कुणीतरी हसलं. तिने झटकन चौकट बंद केली आणि नेटवर्क गेलं म्हणून कळवलं. बापाने विचारलं, “झालं का शिकून?” ती म्हणाली, “झालं.” पुढच्या वर्षी लग्न जमवताना त्या माणसाने एकच गोष्ट मागितली होती, पोरगीचं शिक्षण पुरं होऊ द्या म्हणून. हात जोडून मागितली होती. तिला तेही आवडलं नव्हतं.

पावणेबारा वाजता एकदाचा मदतकेंद्राचा फोन लागला. पलीकडचा मुलगा तिच्याहून लहान असावा, बोलणं इस्त्री केलेलं. हर्षानेही आपलं पुस्तकी मराठी काढलं. मुलगा म्हणाला, चित्रफितीत दुसरी व्यक्ती दिसतेय, त्याच क्षणी परीक्षार्थीने चेहरा झाकून ओठ लपवलेत, यंत्राच्या दृष्टीने हा गैरप्रकार होतो. मग विचारलं, “ती व्यक्ती कोण?”

“माझे भासरे.”

“बासरी?”

“भासरे. नवऱ्याचे मोठे भाऊ.”

“मग दीर म्हणा ना, मॅडम.”

दीर. शहापुरात दीर म्हणजे धाकटा, ज्याची थट्टा करायची, ज्याला हळद फासायची. भय्याजींना कुणी दीर म्हटलेलं ऐकून तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि आपल्याला त्याचं एवढं का लागावं, याचा आणखी राग आला. या पोराला परिहार संबंध समजावून सांगावेत असं तिच्या मनात आलं. त्याऐवजी तिने विचारलं की आता काय करता येईल. तो वाचून दाखवल्यासारखा म्हणाला की आज सायंकाळी सहापर्यंत अपील करता येतं. त्या व्यक्तीने स्वतः कॅमेऱ्यासमोर यायचं, ओळखपत्र दाखवायचं, आपण मदत केली नाही असं सांगायचं. परीक्षार्थीने शेजारी बसायचं. दोघांचे चेहरे एका चौकटीत, उघडे, सलग तीस सेकंद. मग पुढच्या आठवड्यात उरलेल्या प्रश्नांना परवानगी मिळू शकते. जाऊबाई आल्या तर चालतील का, सासूबाई? नाही, जी व्यक्ती आत आली तीच. “पण मले त्याईच्यासमोर...” एवढं तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली. “काय म्हणालात?” मुलाने विचारलं. “काही नाही,” ती म्हणाली, “धन्यवाद.”

अमर नागपूरकडे एका कारखान्यात होता, शनिवारी यायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी हेच विचारलं की भय्या आत आला तेव्हा तू नेमकी कशी बसली होती. मग म्हणाला, लाईट गेली मनून टाक, सगळे तेच टाकतात. चित्रफीत आहे म्हटल्यावर त्याने तो मुद्दा सोडला. भय्याजींना तूच सांग, असं तिने म्हटलं तेव्हा लांबलचक श्वास सोडून तो म्हणाला, “मले कसंतरीच वाटते वो. तिच्यासंग फोटोत बस, असं मी भय्याले कसा मनू?” ओळख पटवणं हे फोटो काढण्यापेक्षा वेगळं असतं, हे शिकलेल्या नवऱ्याला सांगण्यात तिने वेळ घालवला नाही. तिने फोन ठेवला. भित्रा. एवढाच शब्द तिला सुचला आणि तो पुरेसा वाटला.

सगळ्यांत कहर केला तो सासूबाईंनी. काय झालं ते धुरपताकडून कळल्यावर त्या बैठकीत आल्या, कूलर सुरू केला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा हर्षाच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, “पेपराच्या घाईतबी मर्यादा राखली तू. चांगल्या घरची हायेस.” हर्षाला वाटलं, उठून ती पायली भिंतीवर फेकून मारावी. चार वर्षं भाकरी, शेण, सण, दुखणी, सगळं केलं, कुणी बरं म्हटलं नाही. आणि बक्षीस मिळालं ते या गोष्टीचं. सासूबाईंच्या डोळ्यांत खरंखुरं कौतुक होतं, ते तिला बघवेना. तिने पदराच्या भोकात बोट घातलं आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत बसली.

भय्याजी एसटीत कंडक्टर होते. ड्युटी अचानक बदलली म्हणून बॅज घ्यायला घरी आले होते. साडेअकराची लाखांदूर गाडी घेऊन गेले, परत डेपोत सव्वापाचला, तिथून मोटारसायकलने घर. म्हणजे सहाला वीस-पंचवीस मिनिटं कमी. हर्षाच्या तिरस्काराचा मोठा वाटा या माणसासाठी राखून ठेवलेला होता, आणि त्याला कारण एक प्रवास होता. मागच्या दिवाळीत ती मावशीकडे लाखांदूरला निघाली आणि नेमकी त्यांची गाडी मिळाली. घरात खोकण्यापलीकडे आवाज नसलेला हा माणूस गाडीत ओरडत होता, बायकांच्या तोंडाकडे बघून बोलत होता, अंदर सरका बाई, पोरगं मांडीवर घ्या बाई, सुटे काढा. तिच्या रांगेशी आला आणि खांबासारखा वळला. शेजारच्या म्हातारीच्या हातात तिकीट देत म्हणाला, “हे त्या बाईले द्या जी.” त्या बाईले. तिकीट लाखांदूरचंच होतं, कुठे जायचं ते विचारलं नव्हतं, पैसे घेतले नव्हते. पुढे अडीच तास तो माणूस दारापाशी तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. लाखांदूरला चढणाऱ्यांची झुंबड दारावर आली तेव्हा दोन्ही हात आडवे लावून त्याने ती अडवली, ती उतरेपर्यंत. तिने उतरताना त्याच्याकडे पाहिलंही नाही. पाहायचं नव्हतंच. दुनियेतल्या सगळ्या बायकांना तोंड आहे, मीच तेवढी बिनतोंडाची, असं तिने त्या रात्री वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं. आज ते पान आठवून तिला वाटलं, यंत्राने तरी दुसरं काय लिहिलं?

शेवटी धुरपता आल्या. चाळिशीची, पाचवी शिकलेली, कोपरापर्यंत राखेचे हात. हर्षा हिच्याशी प्रेमाने बोलायची, म्हणजे लहान मुलांशी बोलतात तसं. धुरपताने विचारलं, कितीपर्यंत करा लागते. सहा, हर्षा म्हणाली. धुरपता हात पुसत म्हणाल्या, “मी सांगतो त्याईले.” आणि ओसरीवर जाऊन फोन लावला. नवऱ्याचं नाव त्याही घेत नव्हत्या. ‘आयका ना’ एवढ्यावरच संसार झाला होता. बोलणं बराच वेळ चाललं, मध्ये गाडीचा भोंगा ऐकू येत होता. परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. “येतो मनले. इचारत होते, माहं तोंड दिसन का मनून. दिसन, मी मनली.”

हर्षा म्हणाली, “त्याईनं आज खोकलं नसतं तं काही झालंच नसतं.”

धुरपता दारातच थांबल्या. “खोकले नसते तं तू त्याईलेच नावं ठेवली असती, का बेशरमासारखे अंदर घुसले मनून. सासरे होते तवा मीनं बारा वर्षं डोळे खाली करून काढले, हर्षा. पर मी नाटक करून राहिली, असं मी कधी मनली नाही. भिंती पातर आहेत आपल्या घरच्या. तू अमरले सांगतेस ते मले आयकू येते.” एवढं बोलून त्या फरशीवरचा सकाळचा कप उचलून घेऊन गेल्या. चहावर साय धरली होती.

त्यानंतरचे चार तास हर्षाने तिथेच काढले. जेवायला उठली नाही. ज्याला ज्याला तुच्छ मानावं अशा माणसांची मोठी रांग तिच्याजवळ होती, आणि एरवी मन उदास झालं की ती रांग एकदा नजरेखालून घातली तरी तिला उभारी यायची. बाप, अमर, सासूबाई, मदतकेंद्राचा पोरगा, चित्रातली कुंडीवाली. आज रांग नेहमीसारखी चालली आणि शेवटी पदर नाकापर्यंत घेतलेली एक बाई आली. तिला तिने लगेच ओळखलं नाही. हीच ती अल्पशिक्षित कुटुंबातली. सतरा विषय पास झालेली. खोकला ऐकला की हात वर, डोक्याला विचारतसुद्धा नाही. हिच्याबद्दल हर्षाला जी शिसारी वाटली तशी दुसऱ्या कुणाबद्दल कधी वाटली नव्हती, आणि गंमत म्हणजे या बाईला बाहेर काढून स्वतः आत राहायला कुठे जागाच नव्हती. आपण तलाठी झालो, भय्याजी दारात आले, खोकले, तर? टेबलामागे बसलेली ती मॅडम काय करील, हे आता तिला स्वच्छ दिसलं. ते चित्र कायमचं नासलं. कूलरची हवा लागून घाम सुकला होता, अंग चिकट झालं होतं, आणि पाच वाजून गेले तरी तिला उठून तोंड धुवावंसं वाटत नव्हतं.

पाच अठ्ठेचाळीसला मोटारसायकल थांबली. हर्षाने कूलर बंद केला, अपिलाचा दुवा उघडला, ‘आपण रांगेत आहात’ आलं. मग तिने खांद्यावरचा पदर मुठीत धरला, कमरेला खोचला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांच्यावर बसली. डोकं उघडं होतं. या खोलीत, या वेळेला, ते कुणाचं तरी उसनं आणल्यासारखं वाटत होतं. उंबऱ्यापाशी खोकला आला. मांडीखाली उजवा हात उसळला. तिने सगळं वजन त्या बाजूला टाकलं. भय्याजी खाकी कपड्यांतच आले, धुळीने भरलेले, आणि दुसऱ्या खुर्चीवर अगदी कडेला टेकले. दारात धुरपता उभ्या राहिल्या. पाच त्रेपन्नला पडद्यावर तोच इस्त्रीचा मुलगा आला. म्हणाला, दोघंही स्क्रीनकडे बघा. हर्षाच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आली आणि थांबली. भय्याजींच्या भोवती आली, गेली, परत आली, गेली. मग लाल अक्षरं उमटली, ‘चेहरा आढळला नाही’.

त्यांनी ओळखपत्र दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. हनुवटी त्या पत्राला टेकली होती. “मी काही सांगतलो नाही जी तिले,” ते जमिनीला म्हणाले. “मी बॅज घ्याले आलतो. ती तिच्या तिच्यानं लिहित होती.” सर, वर बघा, मुलगा म्हणाला. ते हलले नाहीत. सर, वेळ कमी आहे, चेहरा दिसल्याशिवाय मोजणी सुरू होत नाही. पाच पंचावन्न. हर्षाच्या तोंडाशी तो तिचा नेहमीचा शब्द आला, भित्रा, आणि तिने पडद्यावर त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या मानेकडे. डावीकडे भिंतीकडे वळलेली, खांद्यात गेलेली ती मान. सकाळी दहा एक्केचाळीसला अशीच एक मान याच पडद्याने पाहिली होती. एवढ्या वाकलेल्या मानेने हा माणूस या घरात चार वर्षं कसा वावरला, हर्षाच्या वाटेतून बाजूला होत, तिच्या पावलांचा आवाज ऐकत, खोकत, हे तिने कधी मनात आणलं नव्हतं. तो शब्द तिने गिळला. तो सहज गिळला गेला नाही. घरात सगळे त्यांना ज्या नावाने हाक मारत ते नाव तिने चार वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते तोंडात बसेना.

“भय्याजी,” ती म्हणाली, “वरतं पाहा जी. मी बी पाहून राहिली.”

दारात धुरपताच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. भय्याजींनी मान वर केली. तिच्याकडे नाही, पडद्याकडे. त्या वीतभर काचेत हर्षाला त्यांचे डोळे दिसले, घारे होते, डावीकडच्या भुवईत पांढरा केस होता. एका घरात राहून तिला हे आज कळत होतं. त्यांनाही काहीतरी कळत असावं, कारण ओठ थोडे विलग झाले होते. हिरवी चौकट थांबली. कोपऱ्यात आकडे सुरू झाले. एक, दोन, तीन. मुलगा म्हणाला, हलू नका. बाराव्या सेकंदाला भय्याजींचा गळा हलला. हर्षाला तो खोकला बाहेर पडायच्या आधीच ऐकू आला, चार वर्षांच्या सवयीने, कुठून निघाला आणि कुठे पोचलाय तेसुद्धा. मांडीखाली दोन्ही हात ताठ झाले, बोटं खुर्चीच्या वेतात रुतली. भय्याजींनी ओठ मिटले. गळ्याची शीर फुगली, डोळ्यांत पाणी भरलं, तोंड लाल होत गेलं, ओळखपत्र थरथरायला लागलं, पण मान तशीच वर, नजर तशीच पडद्यावर. एकोणीस, वीस, एकवीस. हा माणूस खोकला गिळून बसलाय, माझ्यासाठी, हे हर्षाला कळलं, आणि त्याच्याबद्दल तुच्छ वाटण्याजोगं काही शोधायला तिच्याजवळ नऊ सेकंद होते. तिने शोधून पाहिलं. सापडलं नाही.

झालं, मुलगा म्हणाला, निर्णय आठ दिवसांत कळेल, धन्यवाद. पडदा काळा झाला. भय्याजी उठले आणि लगबगीने अंगणात गेले, आणि तिथून त्यांचा खोकला आला, एकदा, दोनदा, मग थांबेचना. धुरपता पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. आत हर्षाचा उजवा हात सुटून वर गेला. कमरेला खोचलेला पदर ताणला गेला, खांद्यावरच्या भोकात तिचं बोट अडकलं, आणि हात तिथेच राहिला.